बांगड्याच्या पाठीचा रंग

सरूबाई बाजारातून आली ती डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच अंगणात उभी राहिली आणि आपल्याच घराकडे परक्या बाईसारखी बघू लागली. बघून झाल्यावर तिने हाक मारली, "हरेश्वर! धर्मा! दोगंबी भायेर या."

तिचे दोन्ही मुलगे बाहेर आले, पण दोन वेगवेगळ्या दारांतून.

घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, अगदी खाडीच्या तोंडावर होते. छप्पर एकच, पण बाप गेल्यावर भावांची वाटणी झाली, मधोमध भिंत उभी राहिली आणि समोर दोन दारे आली. हरेश्वर थोरला. त्याने आपली अर्धी बाजू निळी रंगवली. धर्माने निळ्याला उत्तर म्हणून आपली अर्धी बाजू पिवळी केली. भांडण मुळात जाळ्यावरून झाले की बोटीच्या इंजिनावरून, हे आता दोघांनाही नीट सांगता आले नसते. पण रंग मात्र दर वर्षी न चुकता नवा लागत होता.

"मनोरीचा धाकू नाखवा पोरासाठी नलूला बगायला येतो," सरूबाई म्हणाली. "पुनवेला. पोरगी पसंत पडली तर हितंच सुपारी फोडायची म्हनतो."

नलिनी ही हरेश्वरची मुलगी. गेल्या वर्षी तिला बघायला अर्नाळ्याची मंडळी आली होती. त्यांनी अंगणात उभे राहून घराकडे वर-खाली पाहिले, चहा घेतला आणि जी गेली ती गेलीच. मागाहून निरोप कळला : ज्या घरात दोन भावांचा रंग जुळत नाही, तिथली पोर आमच्या भरल्या घरात काय नांदणार? यावेळी नलिनीला मुलगा पसंत होता. तिने हे कुणालाच सांगितले नव्हते. पण मनोरीचे नाव निघाले की ती घागर घेऊन नळावर जायची आणि तशीच रिकामी घागर घेऊन परत यायची, त्यामुळे सगळ्यांना कळले होते.

"तवा पुनवेच्या आदी हा घर एका रंगाचा दिसला पायजे," सरूबाईने सांगून टाकले.

हरेश्वर आणि धर्मा एकमेकांशी बोलत नसत. जे काही बोलायचे ते आईला उद्देशून बोलायचे, मग दुसरा हाताच्या अंतरावर का उभा असेना.

"आये, त्याला सांग, निला मारून घे म्हनावा. निला चांगला दिसतो."

"आये, त्याला सांग, निला मारला की घर पोलिसचौकी वाटते. लोक तक्रार लिवायला येतील."

"आनि त्याचा पिवला? घराला कावील झाल्यावानी दिसते, सांग त्याला!"

"बस!" सरूबाईने आता कुठे पाटी खाली ठेवली. "निला नको नि पिवला बी नको." तिने पाटीत हात घालून उरलेला एक बांगडा शेपटीला धरून वर काढला. "हा बगा. बांगड्याच्या पाठीचा रंग. आता बोला! का बांगडा बी तुमी वेगवेगला खाता?"

जन्मापासून बांगडा बघणाऱ्या माणसाला त्याची पाठ कशी असते हे विचारायचे कारण नव्हते. तंटा मिटला असे वाटले.

पण रंग ठरला तरी डबा कोणता आणायचा, हे ठरायचे होते. हरेश्वर कायम अंधेरी स्टेशनजवळच्या चंद्रप्रकाश शेठकडून रंग आणायचा. डब्यावर हत्तीचे चित्र असलेला. बोटीला, पेटीला, घराला, सगळीकडे हत्तीछाप. उलट धर्माचा मेहुणा सहदेव भांडुपला घंटीछाप रंगाच्या कारखान्यात कामाला होता. धर्माची बायको पार्वती तिथेच ठाम उभी राहिली.

"माजा भाव सोताच्या हातानं रंग घोटतो. नि त्याचा डबा सोडून या घराला हत्ती लागला, तर मी हत्तीच्या पाठीवर बसून माहेरी जाईन."

"जाऊ दे," हरेश्वर आईला म्हणाला. "ज्याचा त्याचा डबा ज्याला त्याला. रंग एकच असला म्हंजे झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटी लागल्या लागल्या हरेश्वरने एक ताजा बांगडा निवडून घेतला. हिरवी-निळी पाठ, तीवर काळ्या नागमोडी रेघा, आणि उन्हात धरला की आरशासारखी चमक. तो त्याने वर्तमानपत्रात गुंडाळला, बस धरली आणि चंद्रप्रकाश शेठच्या काउंटरवर नेऊन उलगडला.

शेठ खुर्चीसकट मागे सरकला. "अरे हरेश्वरभाई! ये क्या लाया? उठाव, उठाव! अगरबत्ती आत्ताच लावली मी!"

"शेठ, ह्याच्या पाठीचा रंग पायजे."

"पाठीचा रंग? अरे, माझ्याकडे कार्ड आहे ना! हे बघ, समुद्री हिरवा, पोपटी, पिस्ता..."

"पिस्ता पोहतो काय, शेठ? मना बांगडाच पायजे."

शेठने जन्मात माशाला हात लावला नव्हता आणि आता लावणारही नव्हता. त्याने हरेश्वरला फुटपाथवर उभे केले, स्वतः उंबऱ्याच्या आत उभा राहिला आणि नाकाला रुमाल लावून लांबूनच रंग कालवू लागला. हिरव्यात निळा घातला, निळ्यात थोडा पांढरा. दर वेळी काडी वर करून विचारी, "आला?" आणि हरेश्वर एका हाताने बांगडा उंच धरून सांगे, "अजून वाईच निला." येणारी-जाणारी माणसे थांबून बघत होती. एका बाईने तर भाव विचारला.

धर्माकडे काम याहून सोपे होते. पार्वती संध्याकाळी बाजारातून परतली तेव्हा तिच्या पाटीत विकले न गेलेले चार बांगडे होते. त्यातला एक तिने डब्यात घालून भावाकडे पाठवला. सहदेवने तो दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेला आणि इमानाने, रेघ न रेघ पारखून, त्याच्या पाठीसारखा रंग करून दिला.

दोघांनीही आपापली भिंत रंगवली. काम झाल्यावर सरूबाई अंगणात येऊन उभी राहिली. पाठोपाठ शेजारीही आले, कारण सरूबाई बराच वेळ काहीच बोलली नव्हती आणि तशी तिची सवय नव्हती.

हरेश्वरची बाजू हिरवी-निळी, लखलखीत होती. धर्माची बाजू काळसर, मळकट, शेवाळल्या दगडासारखी.

"आये, त्याला इचार, हा बांगडा काय?" हरेश्वरने विचारले.

"बांगडाच हाय!" आतून पार्वती कडाडली. "माज्या भावाने मासा समोर ठेवून रंग केला!"

"दोगांचा बी बांगडाच हाय," सरूबाई शेवटी म्हणाली. "एक सकालचा नि दुसरा संध्याकालचा. नि संध्याकालचा बांगडा मी गिऱ्हाइकाला बी तोंड लपवून देते, नि तुमी भिंतीला लावला?"

आता घर आधीपेक्षा वाईट दिसत होते. निळे आणि पिवळे हे निदान मुद्दाम केल्यासारखे वाटायचे. हे दोन हिरवे मात्र एकाला दुसरा जमला नाही असे दिसत होते, आणि ते खरेच होते. नलिनी घागर घेऊन नळावर गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

तिचे ते जाणे दोघांनीही पाहिले. हरेश्वरला वाटले, पोर माझी, कमीपणा मीच घ्यावा. धर्माला वाटले, पुतणी लहानपणी माझ्याच खांद्यावर बसून जत्रेला गेली, कमीपणा मी घेतला तर काय बिघडले? दोघांचा विचार चांगला होता. दोघांनी तो एकमेकांना सांगितला असता तर आणखी चांगला झाला असता. पण बोलायचे तर आईमार्फत बोलायचे, आणि आई तोवर बाजारात गेलेली.

हरेश्वरने धर्माच्या भिंतीचा एक पोपडा नखाने खरवडून काडेपेटीत घातला आणि अंधेरी गाठली. "शेठ, आता ह्याच्यासारखा." शेठला इतका आनंद झाला की त्याने चहा मागवला. "हे बघ! ही माणसासारखी वस्तू आणलीस!" त्याच वेळी धर्मा हरेश्वरच्या भिंतीचा पोपडा कागदात बांधून भांडुपच्या वाटेला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सरूबाई बाजारात गेल्यावर दोघे आपापला डबा घेऊन बाहेर आले. दुसऱ्याकडे बघायचे नाही हा नियम होताच. हरेश्वरने आपल्या बाजूच्या टोकापासून सुरुवात केली, धर्माने आपल्या बाजूच्या टोकापासून. नाक भिंतीला लावल्यासारखे दोघे रंगवत मध्याकडे सरकू लागले. कोळीवाड्याला गंमत काय चालली आहे ते लगेच कळले. जाळी विणायला बसलेले लोक जाळी घेऊन समोर येऊन बसले. सांगितले मात्र एकानेही नाही. एवढी चांगली करमणूक कोण मोडणार?

मध्यावर दोन ब्रश एकमेकांना टेकले. दोघांनी मान वळवली.

हरेश्वरची बाजू आता संध्याकाळचा बांगडा झाली होती, धर्माची सकाळचा.

समोर जाळीवाले लोक इतके हसले की एकाची सुई जाळ्यात कायमची हरवली. हरेश्वरला आणि धर्माला काही तरी बोलायचे होते, पण आई नव्हती. म्हणून दोघेही तसेच उभे राहिले आणि दोघांच्या ब्रशांतून रंग टपटपत पायांवर पडत राहिला.

सरूबाईने येऊन ते पाहिले. ती ओरडली नाही. पाटी ठेवली, हात धुतले आणि विचारले, "पुनवेला किती दिस ऱ्हायले?"

"परवा हाय, आजे," नलिनी दारातून म्हणाली.

"माल्यावरचा टोप काढा."

तो टोप म्हणजे लग्नात भात शिजवायचा, दोन माणसांनी उचलायचा टोप. सरूबाईने तो अंगणात मधोमध ठेवला आणि हरेश्वरला म्हणाली, "तुजे सगले डबे आन." मग धर्माला म्हणाली, "तुजे बी."

"आये, दोन कंपन्यांचा रंग एका ठिकानी घालायचा नसतो," हरेश्वर म्हणाला. "शेठ बोलला, दुधावानी फाटतो."

"शेठ रस्सा करतो काय कदी? त्याला काय म्हायती काय फाटते नि काय मिलते?"

"पन आये, घंटीछाप वरून पडला पायजे," पार्वती म्हणाली. "हत्ती खाली, घंटी वर."

"हत्तीच्या गल्यात घंटी बांदते मी. तू भायेर हो गो!"

हत्ती पडला, घंटी पडली. टोपात हिरव्याची आणि काळ्याची वेटोळी फिरू लागली, पण रंग काही एकमेकांत शिरेना. काठीने ढवळून काठी मोडली. मग सरूबाईने बोटीचे वल्हे आणायला लावले. वल्हे एकट्याने फिरेना. म्हणून एका बाजूला हरेश्वर आणि दुसऱ्या बाजूला धर्मा असे दोघांना धरावे लागले. थोडा वेळ वल्हे इकडे ओढले गेले, थोडा वेळ तिकडे. टोप कलंडायला लागला.

"अरे, माज्याकडं ढकल, माज्याकडं!" हरेश्वर ओरडला.

"ढकलतो ना रं! तूच उलटा वल्हवतोस! बोटीवर बी तू असाच करायचास!"

"नि तू झोपायचास!"

बोलून झाल्यावर दोघांच्या लक्षात आले की हे आपण आईला सांगितलेले नाही. दोघेही खाली मान घालून जोराने वल्हवू लागले. सरूबाईने तोंडाला पदर लावला आणि उगाचच चुलीकडे गेली.

रंग फाटला नाही. तो अखेरीला जो झाला, तो सकाळच्या बांगड्याचा नव्हता, संध्याकाळच्याही नव्हता. खरे तर तो कोणत्याच माशाचा नव्हता. पण तो एक होता. दोघांनी एकाच टोपातून घेऊन सगळी भिंत रंगवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधली रेघ अशी गेली की सरूबाईने बोट फिरवून शोधली तरी सापडली नाही. पुनवेच्या आदल्या दिवशी भिंत वाळली आणि वाळल्यावरही एकच राहिली.

पुनवेला सकाळपासून तयारी चालू होती. पार्वतीने आपल्या चुलीवर माशाचे केले, हरेश्वरच्या घरी भाकऱ्या झाल्या. नलिनी हिरवी साडी नेसून, केसात अबोली माळून बसली होती, आणि आज तिला कुणी घागरीला हात लावू देत नव्हते. मनोरीची मंडळी स्वतःच्या बोटीने येणार होती. भरती होती, वारा नव्हता, समुद्र ताटासारखा. उशीर व्हायचे काही कारणच नव्हते.

तरी उशीर झाला. ऊन चढले. भरती पूर्ण आली आणि ओसरायलाही लागली.

"गावातनं कोनी तरी कान भरले," पार्वती म्हणाली.

"कोनी काय भरनार? भिंत एक दिसते ना?" हरेश्वर दर थोड्या वेळाने खाडीपर्यंत जाऊन घराकडे बघून यायचा. भिंत एकच दिसत होती.

तेवढ्यात खाडीच्या तोंडाकडून एक होडीवाला ओरडत आला. "अरे हरेश्वर! मनोरीची बोट वालूवर चढलीय! पावने बोटीत तिरके बसलेत!"

भाऊ धावत सुटले. होडी ढकलली, दोघे एकाच होडीत चढले आणि खाडीच्या तोंडाशी गेले. तिथे उथळ वाळूच्या पट्ट्यावर धाकू नाखव्याची सजवलेली बोट एका कुशीवर कलली होती. नव्या लुगड्यांतल्या बाया सगळ्या एका बाजूला घसरून, एकीच्या मांडीवर दुसरी अशा बसल्या होत्या. साखरेच्या पुड्या कुणी तरी डोक्यावर धरल्या होत्या. नवरा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोटीला खांदा देत होता. आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, मिशा पिळत, लालबुंद चेहऱ्याने धाकू नाखवा उभा होता.

"माफ करा नाखवा," हरेश्वर हात जोडून म्हणाला. "पन तुमी एवडे जानते, तुमची बोट वालूवर कशी गेली?"

"मना इचारतोस?" नाखवा गरजला. "आदी सांग, तुजा घर कुठं गेला?"

"घर? त्यो काय समोर हाय."

"त्यो नाय! निला-पिवला घर! आरं, मी बर्फाला नि डिझेलला तुमच्या बंदरात येतो, माज्यामागनं सगल्या मनोरीच्या बोटी येतात. खाडीच्या तोंडाला आलो की बगायचा : निला नि पिवला जितं मिलतो ती रेघ, नि तिच्या मागं देवलाचा झेंडा. दोन्ही एका ओलीत धरले की बोट सरल खोल पान्यात. आज सगल्या बाया बगतात, पोरगा बगतो, मी बगतो, रेघच नाय! त्यो एक हिरवा-काला कायतरी दिसतो. मना वाटला मीच दुसऱ्या खाडीत आलो!"

हरेश्वरने धर्माकडे पाहिले. धर्माने हरेश्वरकडे.

"म्हंजे," हरेश्वर चाचरत म्हणाला, "आमची वाटनी झालेली हाय, ते तुमाला म्हायती होता?"

"अरे, समुद्रातनं दिसत होती तुमची वाटनी! आख्ख्या किनाऱ्याला म्हायती हाय! नि वाटनी कुनाच्या घरात नाय? आमी पाच भाव, पाच चुली. पन आमचा घर माडांच्या मागं, त्याचा कुनाला उपेग नाय. तुमचा तरी उपेग होता!"

मंडळी होड्यांतून किनाऱ्याला लागली. ओल्या काठांची लुगडी पिळत बाया अंगणात बसल्या. पोरगी पसंत पडायचा प्रश्नच आला नाही, कारण नवऱ्या मुलाला कोरडा टॉवेल नलिनीने आणून दिला आणि तो त्याने बराच वेळ पुसायला न वापरता तसाच हातात धरून ठेवला. पार्वतीच्या माशावर नाखव्याचा राग उतरला. पान झाले. सुपारी ताटात आली. नाखव्याने अडकित्ता हातात घेतला आणि मग तो थांबला.

सरूबाईने ताट त्याच्याकडे आणखी सरकवले.

"सुपारी मी फोडतो," नाखवा म्हणाला. "पोरगी लाखात एक हाय. पन लगीन वैशाखात. वरात समुद्रातनं येनार, रातची भरती धरून, चांदन्यात. तवा माजी एक अट हाय."

"बोला नाखवा," सरूबाई म्हणाली. "हुंडा नि मानपान सोडून काय बी सांगा."

"घर होता तसा करा. रंग कनचा बी मारा, कनच्या बी कंपनीचा मारा, माजा कायबी म्हनना नाय. फक्त ह्या बाजूचा त्या बाजूशी जुलता कामा नये. लांबनं, चांदन्यात बी, जुलता कामा नये!"

मग अडकित्ता दाबला गेला, सुपारी फुटली आणि बायांनी हसत गाणे धरले. गाणे संपायच्या आत हरेश्वर आणि धर्मा भिंतीपाशी उभे होते.

"मी निला मारनार," हरेश्वर म्हणाला.

"मार. मना पिवला. घंटीछाप."

"पन रेघ मागच्यावेली माज्या बाजूला वीतभर सरकली होती. यावेली मी काढनार."

"तू? तू काढलीस तर खिडकी बी तुज्याकडं जाईल!"

पाहुण्यांसमोर दोघांचे आवाज चढू लागले. तेव्हा सरूबाई उठली. जिने सगळी वर्षे ती रेघ पुसली जावी म्हणून देवीला नारळ वाहिले होते, तिने आता जाळ्याचा लांब दोरा शोधून काढला, त्याच्या टोकाला शिशाची गोळी बांधली आणि तो दोघांच्या मधोमध छपराच्या टोकावरून सोडायला लावला.

"गप ऱ्हा दोगं बी," ती म्हणाली. "नि रेघ सरल काढा. बोटभर जरी वाकडी गेली, तर माज्या नातीची वरात वालूवर बसेल."